गोठ्यात विषाणू किती दिवस टिकतो? आधी सांगा, कशात?

प्रश्न असा आला आहे: नागपंचमीच्या आठवड्यात एक दुभती गाय लम्पीने, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या गुरांच्या रोगाने, दगावली. एक कालवडही आजारी पडली होती, ती वाचली; अंगावर अजून खपल्या आहेत. आता पोळा झाला. दसऱ्याला नवी गाय आणायचा विचार आहे. शेजारी म्हणतात, "चुना मारा, आठ दिवसांत आणा." मेव्हणे म्हणतात, "सहा महिने गोठा मोकळा ठेवा." खरं काय? विषाणू जनावराच्या बाहेर नेमका किती दिवस जिवंत राहतो?

तीस-बत्तीस वर्षं गोठे, पोल्ट्रीच्या शेडी आणि जनावरांचे बाजार पालथे घातल्यावर मी या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं सोडून दिलं आहे. कोणी "किती दिवस" विचारलं की माझा उलट प्रश्न असतो, "कशात?" उन्हात वाळलेल्या दाव्यावर, ओल्या शेणात, काळोख्या कोपऱ्यात पडलेल्या खपलीत, पाण्याच्या हौदात की डीप फ्रीजमधल्या मटणात? विषाणू तोच असला तरी या पाच ठिकाणी त्याचं आयुष्य काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत बदलतं. तुमचे शेजारी आणि मेव्हणे दोघेही कुठल्या तरी जागेपुरते बरोबरच आहेत.

आधी एक गोष्ट. जनावराच्या बाहेर विषाणू वाढत नाही, खात नाही, पिल्लं घालत नाही. जिवंत पेशीबाहेर तो बियाण्यासारखा पडून असतो आणि त्याची उगवणक्षमता कमी होत जाते, एवढंच. ती कशी कमी होते हे समजलं की बाकीचं सोपं होतं. समजा एका जागी दहा लाख विषाणू आहेत आणि तिथल्या उष्णतेत रोज दहापैकी नऊ निकामी होतात. पहिल्या दिवशी एक लाख उरतील, दुसऱ्या दिवशी दहा हजार, आणि सहाव्या दिवशी एक. आता तीच जागा थंड, ओली आणि अंधारी असेल, आणि दहाचा एक व्हायला दिवसाऐवजी आठवडा लागत असेल, तर त्याच दहा लाखांना सहा आठवडे लागतील. आणि सुरुवातीलाच कोणी खराट्याने घासून शंभरातले नव्याण्णव वाहून नेले, तर पहिल्या जागी दोन दिवस आणि दुसऱ्या जागी दोन आठवडे वाचतात. म्हणून मी औषधाच्या डब्याआधी खराटा मागतो. लोकांना ते पटत नाही. त्यांना डबा हवा असतो.

पुस्तकातले आकडेही याच हिशेबाने वाचायचे. "अमुक दिवसांपर्यंत विषाणू सापडला" याचा अर्थ त्या प्रयोगातल्या मालात, त्या तापमानाला, शेवटचा जिवंत विषाणू तेवढ्या दिवसांनी मिळाला. त्यातून जनावर आजारी पडलंच असतं असं नाही, आणि त्यानंतर जागा शंभर टक्के सुरक्षित झाली असंही नाही. आणखी एक घोळ पीसीआर तपासणीचा. पीसीआर विषाणूची जनुकं शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. लम्पीच्या गाठीत जिवंत विषाणू साधारण पस्तीस दिवसांपर्यंत मिळतो, पण पीसीआर तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट बघून घाबरलेल्या दोन-तीन जणांना हे समजावताना माझा घसा बसला आहे.

विद्यार्थ्यांना एक ढोबळ नियम शिकवला जातो. काही विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं. ते साबणाने, उन्हाने, वाळण्याने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. काहींना ते आवरण नसतं, नुसतं प्रथिनांचं घट्ट कवच असतं, ते चिवट. नियम चांगला आहे. गुरांच्या बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्टचा, विषाणू आवरणवाला आणि अतिशय नाजूक होता, उघड्यावर उन्हात काही तासांत संपायचा. त्यामुळे तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जवळच्या संपर्कातूनच जायचा, आणि लस टोचून जनावरांची साखळी तोडली की त्याला मातीत लपून बसायला जागाच नव्हती. एका डोसात दीर्घकाळ टिकणारी लसही हाताशी होती. २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळापासून उपटलेला हा दुसराच विषाणूजन्य रोग. माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी यासाठी गावोगाव पायपीट केली, त्यांची आठवण कोणी काढत नाही म्हणून इथे काढली.

पिसाळाचा, म्हणजे रेबीजचा, विषाणूही नाजूकच. प्रयोगात काच, धातू आणि पानांवर पातळ थर देऊन ठेवला तेव्हा तीस अंशांना उन्हात तो दीड तासापलीकडे टिकला नाही. वीस अंशांना एक ते दोन दिवस टिकला आणि पाच अंशांना सहा दिवस. म्हणून चावलेली जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, असं आम्ही कंठशोष करून सांगतो. त्यानंतर दवाखान्यात जाऊन लस घ्यायचीच, धुणं हा लसीला पर्याय नाही. पण पिसाळलेल्या गाईचं उकळलेलं दूध चहात गेलं म्हणून अख्खी वाडी इंजेक्शनच्या रांगेत उभी राहते, ती भीती अनाठायी आहे. दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याची नोंद नाही, आणि उकळल्यावर तर प्रश्नच संपतो. त्या गाईच्या तोंडात हात घालून "घशात काही अडकलंय का" बघणारा मात्र खऱ्या धोक्यात असतो. त्याला आधी रांगेत उभं करा.

दुसऱ्या टोकाला चिवट मंडळी. कोंबड्यांच्या गंबोरोचा विषाणू आवरणाशिवायचा. रिकाम्या केलेल्या शेडमध्ये तो १२२ दिवसांनंतरही पिल्लांना बाधत होता. खाद्य, पाणी आणि विष्ठा ५२ दिवसांनंतरही संसर्गकारक होती. हे साठच्या दशकातलं अमेरिकेतलं काम आहे, आणि आमच्याकडचे पोल्ट्रीवाले आजही त्याची फळं भोगतात. एका शेतकऱ्याच्या सलग तीन बॅचना गंबोरो झाला. दरवेळी तूस बदललं, शेड धुतलं, चुना मारला, फॉर्मेलिन फवारलं. मी गेलो तेव्हा भिंतीच्या तळाशी एक वीट हलवली आणि खाली काळ्या किड्यांचा बुजबुजाट दिसला, तुसात असतात ते. रोग येऊन गेल्यावर आठ आठवड्यांनीही या किड्यांमध्ये गंबोरोचा विषाणू मिळालेला आहे. शेड धुताना किडे भेगांमध्ये जाऊन बसतात, नवी पिल्लं आली की बाहेर येतात, आणि पिल्लं त्यांना टिपून खातात. आधी किडे मारा, मग धुवा, एवढा क्रम बदलल्यावर चौथी बॅच निभावली.

कुत्र्यांचा पार्व्होही याच जातीचा. घराच्या ओसरीत, अंगणातल्या मातीत तो महिनोन् महिने पडून राहतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचला देतो. एक पिल्लू पार्व्होने गेलं आणि मुलं रडतात म्हणून आठवड्यात दुसरं लस न दिलेलं पिल्लू त्याच गोणपाटावर आणून ठेवलं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ओरडायचंही सोडलं.

लाळ्या-खुरकुताला आवरण नाही, तरी त्याचं एक दुबळं अंग आहे: सामू, म्हणजे पीएच, आम्ल-अल्कलीचं माप. सहाच्या खाली किंवा नऊच्या वर सामू गेला की तो झपाट्याने निकामी होतो. म्हणून त्याला धुण्याचा सोडा पुरतो, दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. महागडं औषध शेणावर ओतण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कत्तलीनंतर मांस आंबूस होतं तेव्हा स्नायूंमधला विषाणू मरतो, पण हाडांच्या मगजात आणि लसिका ग्रंथींमध्ये आंबूसपणा येत नाही, तिथे तो तग धरतो. याचे टिकण्याचे आकडे बघा म्हणजे "कशात" आणि "कधी" यांचं महत्त्व कळेल: उन्हाळ्यात मातीवर तीन दिवस, थंड ऋतूत तिथेच अठ्ठावीस दिवस. वाळल्या शेणात दोन आठवडे, मुतात एकोणचाळीस दिवस, आणि हिवाळ्यात पातळ शेणाच्या खड्ड्यात सहा महिने. हे आकडे थंड देशांतले आहेत. आपल्या मे महिन्यात माती तापते तेव्हा तीन दिवसही लागणार नाहीत. पण दमट हवा मात्र त्याला मानवते. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या डुकरांच्या श्वासातून निघालेला विषाणू समुद्रावरच्या वाऱ्याने सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावर पोचला होता.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदम शाळेत बसवल्यासारखं झालं. बर्ड फ्लूचा विषाणू आवरणवाला, म्हणजे नियमाने नाजूक. तरीही विष्ठेत तो चार अंशांना पस्तीस दिवस आणि सदतीस अंशांना सहा दिवस टिकतो. विष्ठा हीच त्याची गोधडी. त्यामुळे कोंबड्या पुरल्या तरी काम संपत नव्हतं. खत, तूस, खाद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, गाडीची चाकं, यांच्यामागे लागावं लागलं. सत्तर अंशांवर नीट शिजवलेल्या कोंबडीत काही उरत नाही, हे सांगूनही लोकांनी कित्येक दिवस चिकनकडे पाठ फिरवली, तो भाग वेगळा.

आणि आता तुमची लम्पी, जी या ढोबळ नियमाला सरळ तोंडावर पाडते.

लम्पी हा देवीच्या कुळातला विषाणू. त्याला चरबीचं आवरण आहे, साबणाने आणि उन्हाने तो मरतो, पुस्तकी नियमाने दुबळाच. पण तो नागडा बाहेर पडत नाही, खपलीत गुंडाळून पडतो. वाळलेल्या खपल्यांमध्ये तो पस्तीस दिवसांपर्यंत, सडलेल्या गाठीत तेहेतीस दिवसांहून अधिक आणि हवेवर वाळवलेल्या कातड्यात किमान अठरा दिवस टिकतो. घाणेरड्या, सावलीतल्या गोठ्यात तर काही महिने. देवीच्या फोडांतल्या मालाची ही करामत आपल्या लोकांना लस निघण्याच्या फार आधीपासून माहीत होती. १७६७ साली हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने बंगालमधल्या टिकादारांविषयी, म्हणजे देवी टोचणाऱ्यांविषयी, लिहून ठेवलं आहे की ते ताजा पू वापरत नसत, आदल्या वर्षी टोचलेल्या लोकांच्या फोडांतला जपून ठेवलेला पू टोचत. वर्षभर ठेवलेल्या त्या मालात काम करण्याइतका जीव उरत होता.

म्हणून तुमच्या गोठ्यात शोधायची गोष्ट म्हणजे खपली. शेणामुताचं मला लम्पीत फार भय वाटत नाही. खपल्या कुठे असतात? दावणीच्या खुंट्याला, जिथे गाय अंग घासते. कासऱ्याच्या पिळात. झुलीत आणि गोणपाटात. गव्हाणीच्या कडेला. कोपऱ्यातल्या कोळिष्टकांखाली, जिथे खराटा कधी जात नाही. मातीची जमीन असेल तर खुरांनी तुडवलेल्या वरच्या थरात. या मोकळ्या उन्हात पडल्या तर लवकर संपतात, पण श्रावण-भाद्रपदात ऊन कुठलं? पत्र्याखालचा दमट काळोख त्यांना सोयीचाच.

चुन्याचं सांगतो, कारण शेजाऱ्यांचा मुद्दा तोच आहे. लम्पीचा विषाणू साधारण ६.६ ते ८.६ सामूच्या दरम्यान सुखाने राहतो, फार अल्कली किंवा फार आम्ल झालं की मरतो. ताजा भिजवलेला चुना चांगलाच अल्कली असतो, त्यामुळे स्वच्छ धुतलेल्या भिंतीवर तो कामाचा. पण वर्षभर उघड्या पोत्यात पडलेला चुना हवा खाऊन खडू झालेला असतो. तो फासला की गोठा पांढरा दिसतो, बाकी काही होत नाही. आणि शेणाच्या पापुद्र्यावर मारलेला ताजा चुनाही वरच्यावर राहतो, पापुद्र्याखालची खपली सुरक्षित. हायपोक्लोराइटचं (ब्लीच, आम्ही नुसतं हायपो म्हणतो) तसंच: दोन-तीन टक्क्यांचं द्रावण लम्पीला पुरतं, पण शेण दिसलं की ते शेणावरच खर्च होतं. फिनेल आणि हायपो एकत्र ओतू नका. बादलीत "जास्त पॉवर" करायला म्हणून कोणीतरी ॲसिडही घालतं. त्यातून निघणाऱ्या क्लोरीन वायूने विषाणूआधी माणूस आडवा होतो.

तुम्ही करायचं ते असं. दावी, कासरे, झूल, गोणपाट जाळा. दोनशे रुपयांच्या दोरीसाठी गाय पणाला लावू नका. लोखंडी साखळी असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. हा विषाणू ५५ अंशांना दोन तासांत आणि ६५ अंशांना अर्ध्या तासात मरतो, उकळत्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. मातीची जमीन असेल तर वरचा दोन-तीन इंचांचा थर खरवडून काढा आणि नवा मुरूम टाका. कोबा किंवा फरशी असेल तर आधी कोरडं झाडू नका, खपल्यांची धूळ उडते. पाणी मारून, साबणाच्या पाण्याने घासून, वाळू देऊन, मग हायपो. गोठ्यातला केरकचरा आणि खरवडलेली माती शेणखताच्या ढिगाच्या पोटात घाला, वरून प्लास्टिक टाका. चांगला रचलेला ढीग आतून साठ अंशांच्या घरात तापतो, पण कडा थंड राहतात. म्हणून तीन-चार आठवड्यांनी ढीग उलटवा, बाहेरचं आत जाऊ द्या. गाय जिथे पुरली ती जागा उकरू नका आणि कुत्री उकरत नाहीत ना ते बघा.

हे सगळं झालं तरी लम्पीत गोठ्यापेक्षा माश्यांचा हात मोठा. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड हा विषाणू सोंडेवरून नेतात. प्रयोगात आजारी जनावराला चावलेल्या डासांनी दोन ते सहा दिवसांनंतर निरोगी जनावराला रोग दिला होता. तुमचा गोठा आरशासारखा लखलखला आणि शेजारच्या आळीत गाठींनी भरलेला बैल बांधलेला असला, तर धुण्याची मेहनत पाण्यात. त्यामुळे घराच्या आसपास अर्ध्या-एक किलोमीटरमध्ये चालू केस आहे का, हे आधी तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पण तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. तुम्ही दिवस गाय गेल्यापासून मोजताय. आणि कालवड तिथेच उभी आहे, अंगावर खपल्या घेऊन! रोज थोड्या खपल्या ती स्वतःच गोठ्यात पेरते आहे. म्हणजे तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. कालवडीची शेवटची खपली गळून खालची कातडी कोरडी झाली, गोठा त्यानंतर एकदा पूर्ण धुतला, तो पहिला दिवस. तिथून पस्तीस दिवस धरा. खोल गाठीचा मेलेला गाभा कधीकधी बुचासारखा अडकून बसतो आणि उशिरा पडतो, तो हाताने उपटू नका. डॉक्टरांना दाखवा, पडला की उचलून जाळा. तोवर तिला शक्य असेल तर वेगळ्या छपरात बांधा, म्हणजे मुख्य गोठ्याचं घड्याळ लवकर सुरू होईल.

खपल्या पडायला अजून दोन-तीन आठवडे लागतील असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. अधिक पस्तीस दिवस. म्हणजे दसरा बसत नाही, वसुबारस बसते. आणि तो मुहूर्त गाय आणायला दसऱ्यापेक्षा वाईट नाही.

मधल्या काळात एक काम आहे. गाय पसंत करून ठेवा, पण ती विकणाऱ्याच्याच दावणीला राहू द्या आणि तिथेच तिला लस टोचून घ्या. लस लागू पडायला साधारण तीन आठवडे लागतात, मी अठ्ठावीस दिवस धरतो. वसुबारसेपासून मागे मोजलंत तर लस पितृपक्ष संपता संपता पडली पाहिजे. पितृपक्षात लोक व्यवहार करत नाहीत हे मला ठाऊक आहे. इसार नवरात्रात द्या, इंजेक्शन आधी द्यायला कोणाचे पितर अडवत नाहीत. टोचलेल्या जागी थोडी सूज किंवा एखाददोन दिवस दूध कमी झालं तर घाबरू नका, आणि विकणाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तुमच्या नावाने खडे फोडेल. आणताना टेम्पो धुतलेला आहे का बघा. आदल्या दिवशी त्यातून काय आलं होतं हे ड्रायव्हरला विचारायला लाजू नका. घरी आल्यावरही तिला पहिले काही आठवडे कालवडीपासून लांब बांधा, रोज सकाळी काखेत, मानेखाली आणि कासेवर हात फिरवा, आणि थर्मामीटर जवळ ठेवा. ताप १०३ च्या वर गेला तर गाठीची वाट न बघता फोन करा.